दिव्याखालचा कोरा कागद

माझा हात चांगला आहे, हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही. नाटक चालू असताना बाजूच्या सज्जात बसून मी कोळशाने प्रेक्षक आणि नट काढते. नाक-डोळे कोरत बसत नाही. अंधार फासायचा आणि उजेड जास्त असेल तिथे कागद कोरा सोडायचा. तेवढ्यात माणूस दिसतो.

गेल्या महिन्यात नाट्यगृहाचा दरवान माझी वही चाळता चाळता थबकला. "पहिल्या रांगेतल्या ह्या बाईचं तोंड कोरं सोडलंत ना? दुसऱ्याच दिवशी गेली. आणि हा पेटीवाला, तोही गेला."

"काहीतरीच काय!" मी खेकसले. पण वहीत चार कोरे चेहरे निघाले आणि चौकशी केली, तर चौघंही गेलेले. तेव्हापासून मी प्रत्येक चेहरा भरायला लागले. चित्रं भिकार झाली, होईनात का!

आज दुपारच्या खेळात माझी सख्खी ताई ऐंशी वर्षांच्या खाष्ट मालकिणीच्या वेशात आली. झगझगीत दिवा थेट तिच्या तोंडावर. काय काम करत होती! मी भान विसरून हात चालवला आणि खाली पाहते, तर तिचा चेहरा कोरा. मेल्या सवयीने घात केला.

तेवढ्यात ताई अडखळली. छातीवर हात दाबून तिने खुर्ची धरली. हे नाटकात नव्हतं. हिला नको रे देवा! मी समोर दिसेल ते भरत सुटले: सुरकुत्या, खोल गाल, लोंबती हनुवटी. शेवटची रेघ ओढली आणि ताई सावरली. टाळ्या कडाडल्या. मी ढसाढसा रडले.

पडदा पडताच मी रंगपटात धावले. ताई आरशासमोर बसली होती. रंगभूषाकार तिच्या गालावर तेलाचा बोळा घासत होता.

"रंग कधीच निघाला हो," तो कुजबुजला. "ह्या सुरकुत्या निघत नाहीत."

"ताई," मी हाक मारली.

तिने आरशातूनच पाहिलं. आवाज मालकिणीचा. "कोण गं तू? न विचारता आत कशी आलीस?"

मी वही उघडून खोडरबर काढलं. पुसलं तर खाली काय उरणार, ते मला ठाऊक होतं. मी खोडरबर ठेवून दिलं.

"मी तुमची धाकटी बहीण," मी म्हणाले.