नावाड्याची फीत

धाकटीच्या संस्थेचा काचेचा दरवाजा आपोआप उघडला आणि थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. तिच्या बोलीसंग्रहाचा दरवाजा खांद्याने ढकलावा लागे, ओल धरली की दोघांनी मिळून.

दोघी सख्ख्या बहिणी. वडिलांनी गावोगाव फिरून ध्वनिमुद्रित केलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या बोलण्याच्या फिती थोरलीकडे. त्या वाजवून संगणकावर उतरवायचं महागडं यंत्र धाकटीच्या इतिहास संस्थेकडे. फिती चिकट होत चालल्या होत्या, लवकरच कायमच्या मुक्या होणार होत्या. आणि निधी देणाऱ्यांची अट अशी, की दोन्ही संस्थांनी मिळून काम केलं तरच अनुदान. आज समितीसमोर एक फीत वाजवून दाखवायची होती. "ताई, नावाड्याची फीत आण हं," असं धाकटीनेच फोनवर बजावलं होतं.

समितीचे अध्यक्ष आले ते थेट धाकटीकडे. "मॅडम, तुमचा प्रकल्प फार मोलाचा आहे!"

तुमचा! फितींवरची धूळ जन्मभर आपण झटकली, आणि प्रकल्प हिचा!

"सगळा संग्रह ताईचा आहे," धाकटी म्हणाली. अध्यक्षांनी थोरलीला अर्धवट नमस्कार केला आणि पुन्हा धाकटीशी गप्पा सुरू केल्या. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

तेवढ्यात तंत्रज्ञाने फीत यंत्रावर चढवली. थोरलीकडे वडिलांच्या वेळेपासूनची पद्धत होती: वाजवून झालेली फीत तशीच ठेवायची, शेवट बाहेर. तशी ती जास्त टिकते; मात्र पुन्हा वाजवण्याआधी उलटी गुंडाळून घ्यावी लागते. तंत्रज्ञाला हे ठाऊक नव्हतं. थोरलीने सांगायला तोंड उघडलं. नेमके तेव्हाच अध्यक्ष धाकटीच्या कुठल्याशा विनोदावर खो खो हसले. थोरलीने तोंड मिटलं. होऊ दे फजिती.

यंत्रातून शब्द उलटे, गिळल्यासारखे येऊ लागले.

"ही कुठली बोली?" एका सदस्याने भाबडेपणाने विचारलं. अध्यक्षांनी पेनाला टोपण लावलं. ते पाहून थोरली गारठली. फजिती धाकटीची होईल खरी, पण फिती तर आपल्याच मरतील, हे तिच्या डोक्यात आत्ता शिरलं.

धाकटीने तिच्याकडे एकदाच पाहिलं. वडिलांच्या हाताखाली तीही हेच शिकली होती.

"चूक माझी," ती समितीकडे वळून म्हणाली. "गुंडाळून घे म्हणून ताईने मघाशीच सांगितलं होतं. मीच विसरले."

दोष घेणंसुद्धा हिला किती शोभतं! थोरलीला त्याचाही हेवा वाटला.

फीत गुंडाळून पुन्हा लावली. वल्ह्यांचा आवाज आला, नावाड्याचा खोकला, मग वडील: "माईक ताईकडे दे बघू. तुझा हात हलतो." आणि एका लहान मुलीचा रडका सूर: "बाबा, नेहमी ताईच का?"

समिती हसली. अध्यक्षांनी पेन पुन्हा उघडलं. "कामाची सुरुवात याच फितीपासून करा," ते थोरलीला म्हणाले.

सगळे चहाला उठले तशी थोरली हळूच म्हणाली, "मी सांगितलं नव्हतं तुला."

"माहीत आहे." धाकटी तिच्याजवळ सरकली. "त्या दिवशी नावेत मी तुला सारखी चिमटे काढत होते. माईक पडावा म्हणून. तरी तुझा हात हलला नाही."

थोरलीने आपला हात टेबलाखाली घेतला. तो थरथरत होता.