दोराचा पूल

"काकू, ही चूक नाहीये. तिसऱ्यांदा बंद करतोय मी." प्रोग्रामरने खुर्ची गर्रकन वळवली.

"आणि मी चौथ्यांदा उघडणार," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी चुकांच्या यादीतली ती नोंद उघडलीसुद्धा.

सगळा स्टुडिओ त्यांना काकूच म्हणायचा. आधी वीस वर्षं त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली. छापखाना बंद पडल्यावर भाचीने त्यांना या व्हिडिओ गेमच्या स्टुडिओत आणलं. "लोकांच्या चुका काढायची सवय आहेच तुला," ती म्हणाली होती. तेव्हापासून नऊ वर्षं काकू खेळ खेळत होत्या, म्हणजे खरं तर मोडत होत्या. कुठून आरपार पडता येतं का हे बघायला प्रत्येक भिंतीला धडक द्यायची, पात्र बोलत असताना मध्येच पाठ फिरवायची, नदीत उलट्या दिशेने चालायचं. वाकड्यात शिरण्याचाच त्यांना पगार होता. त्यांनी 'ठीक' म्हटल्याशिवाय एकही खेळ बाहेर जात नसे.

हा खेळ डोंगर ओलांडणाऱ्या एका टपालवालीचा होता. त्याची अंतिम प्रत आज पाच वाजता पाठवायची होती, आणि अकरा वाजता काकू शेवटच्या दोराच्या पुलावर अडून बसल्या होत्या. तिथे एका हाताने दोर धरायचं बटण दाबून ठेवायचं आणि दुसऱ्याने पुढे चालायचं. काकूंनी डावा हात मांडीखाली दाबून धरला होता. टपालवाली सातव्यांदा दरीत गेली.

"असं एका हाताने कोण खेळतं?" प्रोग्रामर वैतागला.

"खेळतात."

"हजारात एक!"

"त्या एकाच्याच घरी राहते मी," काकू म्हणाल्या.

प्रोग्रामरने त्यांच्या मांडीखालच्या हाताकडे पाहिलं. काकांना अर्धांगाचा झटका आल्याचं त्याला ठाऊक होतं, पण त्यांच्या डाव्या हातात पुन्हा बळ आलं नाही हे काकूंनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. त्या लगेच आठव्यांदा पुलावर चढल्या.

आवाज ऐकून खेळाची रचनाकार ताई आतल्या खोलीतून बाहेर आली. दोन वर्षांपूर्वी कागदावर या खेळाची पहिली रेघ तिनेच ओढली होती, आणि पूल तर तिचा जीव की प्राण. "काकू, हात भरून यावेत म्हणूनच तो तसा केलाय. धरून ठेवण्यातच मजा आहे."

"मजा आहेच गं. पण ज्याला धरताच येत नाही, तो तीन तास खेळून इथे येणार आणि दारातूनच परत जाणार. शेवट त्याला दिसायचाच नाही. मी ठीक म्हणणार नाही."

ताईने काकूंच्या हातातून कंट्रोलर घेतला, स्वतःचा डावा हात पाठीमागे नेला आणि उभ्याउभ्याच खेळायला लागली. चार वेळा पडली. पाचव्यांदा तिच्या तोंडून एक शिवी गेली.

"किती वेळ लागेल?" तिने प्रोग्रामरला विचारलं.

"एकदा दाबलं की धरलं, परत दाबलं की सोडलं, असं करता येईल. सेटिंगमध्ये ठेवू, ज्याला हवं तो घेईल. दोन तासांचं काम आहे. पण शिड्या, होडी, घंटा, जिथे जिथे दोर आहे ते सगळं पुन्हा तपासावं लागेल. पाचच्या आत कोण तपासणार?"

"त्यासाठीच तर बसलेय ना मी," काकू म्हणाल्या.

दीडला बदल हाती आला. काकू जेवायला उठल्या नाहीत. होडीचा दोर सुटेचना. त्यांनी हाक मारली, प्रोग्रामरने तो दुरुस्त केला. पाचला सात मिनिटं कमी असताना त्यांनी यादीखाली 'ठीक' लिहिलं आणि पाणी प्यायल्या.

खेळ दुकानांत आला त्या रविवारी काकूंनी ते सेटिंग आधीच लावून ठेवलं आणि काका खिडकीपाशी खेळायला बसले. तिसऱ्या दिवशी ते पुलावर पोचले. काकू शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. टपालवालीने दोर धरला, पाऊल पाऊल पुढे सरकली आणि पलीकडे उतरली.

"पूल फारच सोपा केलाय," काका नाराजीने म्हणाले. "इथे कोणी डोकं चालवलेलं दिसत नाही."

"हो ना," काकू म्हणाल्या आणि त्यांनी पुढचा सदरा घडीला घेतला.