औंधची शहाळी

आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जाऊ नये, हे आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. नाथाजीला तर मुळीच नाही. औंधला यमाईच्या डोंगराखाली त्याचं नारळाचं दुकान. सोमवारी गिऱ्हाईक कमी, म्हणून दर सोमवारी तो सकाळची एसटी धरायचा आणि निवडून काढलेली शहाळी पोत्यात घालून सांगलीला थोरल्या बहिणीकडं, आक्काताईकडं, यायचा. शहाळी खाटेखाली सरकवायची, पाऊसपाण्याच्या चार गोष्टी करायच्या आणि उन्हं कलायच्या आत परत. हा त्याचा नेम.

पंच्याण्णव साली आक्काताईच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. नवरा आप्पासो मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर तोलार. आठवड्यातून दोनदा तो तिला डायलिसिससाठी मिरजेच्या दवाखान्यात न्यायचा. यंत्र अंगातलं रक्त धुऊन द्यायचं, तेवढ्यावर पुढचे दिवस निघायचे. दिवसभराचं पाणी सकाळीच मोजून तांब्यात ठेवलेलं असायचं. ते संपलं की संपलं. आणि शहाळं तर तिला साक्षात विष. त्यातला क्षार निरोगी माणसाच्या लघवीवाटे निघून जातो, तुमच्या अंगातून निघणार नाही आणि काळीज बंद पडेल, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्यामुळं नाथाजीची पाठ वळली की शहाळी शेजारी वाटली जायची. त्या वर्षी गल्लीतल्या पोरांनी चांगलंच बाळसं धरलं.

मग भावाला ती हे सांगत का नव्हती? तिथंच तर घोडं अडलं होतं. जिवंत माणसाची एक किडनी काढून दुसऱ्याला बसवता येते, रक्ताच्या नात्यातली असली तर उत्तम, असं डॉक्टर म्हणाले होते. आप्पासोचा रक्तगट जुळला नव्हता. आईवडील गेलेले, मूलबाळ नाही. उरला नाथाजी. आप्पासोनं एकदा स्टँडवर पोचवायला जाताना त्याच्या कानावर घातलं, तेव्हा "बघू की, दाजी" म्हणून तो गाडीत चढला होता. त्या दिवसापासून विषय बंद झाला आणि पोत्यातली शहाळी तेवढी वाढली.

आक्काताई काय समजायचं ते समजली. देववत नव्हतं त्याच्या बदल्यात तो हे आणत होता. शहाळं चालत नाही म्हणून सांगितलं, तर त्याच्याकडं आणण्यासारखी एकच गोष्ट उरणार होती आणि ती मागायला तिची जीभ रेटत नव्हती. आई गेल्यावर ह्याला तिनंच कडेवर वाढवलेला. आता आक्का केल्याची भरपाई मागतेय, असं त्याला वाटलं तर? भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते खोटं नाही. जगायचं तर तिला होतंच, फार होतं. कधी कधी खाटेखालचं एखादं शहाळं उचलून त्याच्याच टाळक्यात घालावं, असंही तिच्या मनात येऊन जायचं. मग ती स्वतःवरच चिडायची आणि त्याच्यासाठी चहा टाकायची.

चैत्रातल्या एका सोमवारी नाथाजी कोयतासुद्धा घेऊन आला. उंबऱ्यात बसून त्यानं शहाळं छाटलं, तोंड पाडलं आणि तिच्यापुढं धरलं.

"आज माज्या देखत पी," तो म्हणाला.

आप्पासो पेढीवर होता. सकाळपासून आक्काताईची जीभ टाळ्याला चिकटली होती. तिनं शहाळं तोंडाला लावलं आणि खाली ठेवलं ते रिकामं करूनच. भावाचं मन राखायला ती प्यायली, हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं तिची तहान प्यायली.

दुपार कलताना तिचे पाय उचलेनात, बोलणंही जड झालं. नाथाजीनंच तिला उचलून रिक्षात घातलं आणि मिरज गाठली. काय खाल्लं होतं, असं डॉक्टरांनी विचारलं. तो बिचारा सरळ मनानं म्हणाला की काही नाही, ताजं शहाळं तेवढं मी पाजलं. डॉक्टरांनी आधी तिला यंत्राला लावलं आणि मगच त्याला सगळं समजावून सांगितलं. पडल्या पडल्या आक्काताई ते ऐकत होती.

सकाळी तो खाटेजवळ येऊन बसला. डोळे सुजले होते.

"सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं असतं, तर तू काय घिऊन आला असतास?"

नाथाजीनं मान खाली घातली. म्हणाला, "मला लय भ्या वाटतं, आक्का. पोट फाडत्यात म्हनं. पोरं बारकी हायती."

तिला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. इतक्या सोमवारांत तो पहिल्यांदाच काही खरं बोलला होता, आणि त्यानंच तिला हलकं वाटलं.

"वाटनारच की रं," ती म्हणाली. "पर आता शहाळी नगंत. यायचं आसंल तर हात हालवत ये."

पुढच्या सोमवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मोकळं करायच्या नादात आपणच आपल्या हातानं दार लावून घेतलं, असं तिला वाटायला लागलं. आप्पासोनं औंधला जाऊन येतो म्हटलं, तर तिनं त्याला शपथ घातली. खाटेखालची जागा तिनं झाडून घेतली आणि पुन्हा तिकडं बघायचं नाही असं ठरवलं, तरी नजर जायचीच.

मग एका शुक्रवारी, ऐन गिऱ्हाइकीच्या दिवशी, नाथाजी दारात उभा राहिला. पोतं नाही, पिशवी नाही. मोकळे हात कुठं ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. कोपराच्या खोबणीत कापसाचा बोळा आणि वर चिकटपट्टी होती.

"आज काय आनलं न्हाई," तो म्हणाला. "मिरजंला रगत दिऊन आलो. तपासत्यात. घरात लय रडारड झाली, म्हनून उशीर झाला. जुळतंय का न्हाई, कळंल. आन भ्या काय गेल्यालं न्हाई, आक्का. आजून वाटतंय."

रक्त जुळेल की नाही, पुढं काय होईल, यातलं काहीच आक्काताईला ठाऊक नव्हतं. उन्हातून आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं, एवढं ठाऊक होतं. ती भिंतीला धरून उठली आणि माठातलं पाणी काठोकाठ भरून त्याच्यापुढं धरलं. नाथाजीनं भांडं घेतलं, पण तोंडाला लावेना. कोपऱ्यातल्या तिच्या मोजक्या पाण्याच्या तांब्याकडं बघत राहिला.

"पी," ती म्हणाली. "माज्या देखत पी."

तो प्यायला. तिनं भांडं पुन्हा भरलं.