सदतीस फटी

त्या खोलीत सदतीस फटी होत्या. खिडक्यांच्या चौकटींभोवती एकवीस, दाराला पाच, तुळयांच्या टोकांशी सहा, जुन्या वायरिंगच्या भोकांत चार आणि कपाटामागं उंदरानं पाडलेली एक. सुतार अल्ताफनं पेटती उदबत्ती भिंतीलगत फिरवली होती आणि धूर जिथं थरथरला तिथं खडूची खूण केली होती. २००६ चा मे महिना होता तो. प्रसेनजीत कांबळेंनी शाहूपुरीतल्या त्या जुन्या घरात एसी बसवला होता; गार हवा फटींतून निघून जायची आणि बिल फुगायचं. अल्ताफनं एकेक फट खडू-तेलाच्या लांबीनं भरली, अंगठ्यानं दाबली, दाराला चारी बाजूंनी रबरी पट्टी मारली. शेवटी उदबत्तीचा धूर सुतासारखा सरळ वर गेला, तेव्हा तो स्वतःवरच खूश झाला होता.

डिसेंबरात तो परत आला, बारशाच्या पाळण्यासाठी सोप्यात आकडा बसवायला.

"हळू ठोक रं," प्रसेनजीतच्या आई, तानूबाई म्हणाल्या. "सूनबाय आत निजलीया, बाळाला घिऊन."

"थंडी बी लई पडलीया, मावशी."

"तर! म्हणून तर खाटंखाली शेगडी सारलीया. रसरशीत कोळसं, वर ओवा-शेपा. तुजं दार लई झ्याक बसतंय बघ. वारं म्हणून शिरत न्हाय!"

अल्ताफचा एक पाय स्टुलावर होता. तो तिथंच राहिला. त्याच्या बायकोच्या, हुस्नाच्या बाळंतपणात ओव्याच्या धुरीचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. इथं तो दारापासून चार हातांवर उभा होता. त्यानं श्वास ओढला. पुन्हा ओढला. भिंतीच्या चुन्याचा वास आला. ओव्याचा नाही.

"मावशी, दार उघडा."

"शाना हाईस का? वली बाळंतीण हाय आत! परक्या बापयाम्होरं दार उघडू व्हय? आन् वारं लागलं म्हंजी?"

"मग हाक तरी मारा की!"

"श्रुती! ए श्रुती!" तानूबाई हसल्या. "झोप तरी बघा पोरीची." त्यांनी पुन्हा हाक मारली. मग दार थोपटलं. हसू ओठांवरच वाळलं.

अल्ताफनं स्टुलावरचा पाय खाली घेतला. आदल्या थंडीत इचलकरंजीत मेव्हण्याच्या ओळखीचा एक राखणदार केबिनमध्ये शेगडी घेऊन झोपला होता. सकाळी त्याचा चेहरा लालबुंद होता, आत्ता उठून चहा मागेल असा. केबिनला एक जरी फट असती तर वाचला असता, असं लोक म्हणाले होते.

कडी लावलेली नव्हती, पण रबरानं दार धरून ठेवलं होतं. दुसऱ्या धक्क्याला ते सुटलं. ओव्याचा उग्र, गरम भपका तोंडावर आला. दम रोखून, नजर खाली ठेवून अल्ताफनं बाळ उचललं, तानूबाईंच्या हातात दिलं आणि श्रुतीला गोधडीसकट ओढत अंगणात आणलं. तिला उलटी झाली. "डोकं... आई, डोकं फुटतंय," ती पुटपुटली.

बाळ रडत नव्हतं.

शेजारची मनाली दवाखान्यात नर्स होती. हाकाटी ऐकून ती धावत आली, बाळाच्या छातीवर हात ठेवला आणि मनगटावरच्या घड्याळाकडं बघत राहिली. "सतरा," ती म्हणाली. "एवढ्या बाळाचं श्वास मिनिटाला तिसाच्या वर पायजेत. रिक्षा बोलवा, दोघांस्नी न्यायला पायजे."

रिक्षात तानूबाईंनी सवयीनं शाल बाळाच्या डोक्यावरून ओढून घेतली. मग त्यांनीच ती फेडली आणि नातवाचं तोंड बाहेर, सुटलेल्या गार वाऱ्याकडं धरलं. पुढं ड्रायव्हरशेजारी टेकलेला अल्ताफ मागं वळून बघत नव्हता. अंगठ्यानं तर्जनी चोळत होता, अजून लांबी लागलेली असावी तशी.

दवाखान्यात दोघांनाही ऑक्सिजन लावला. बऱ्याच वेळानं मनालीनं बाळाच्या छातीवर पुन्हा हात ठेवला. अल्ताफ दारातच उभा राहिला.

तिनं पूर्ण एक मिनिट मोजलं.

चौतीस.