सव्वाशेची रेघ

मी दुधाची बाटली बोलतेय. हसू नका. गेली दोन वर्षं माझ्यात दुधाचा थेंब पडलेला नाही, तरी या घरात माझं नाव तेच राहिलंय. राहते मात्र घरामागच्या गॅरेजमध्ये, पाने, नट आणि ग्रीसच्या डब्यांच्या शेजारी.

माझा जन्म कारखान्यातला. गरम प्लास्टिक साच्यात फुगलं आणि मी झाले. मग एका यंत्राने माझ्या अंगावर पंचवीस-पंचवीस मिलीच्या रेघा मारल्या, शेवटची अडीचशेची. तेव्हा वाटलं, या नटण्यासाठी असतील. रेघ म्हणजे थांबायची जागा, हे मला फार उशिरा कळलं.

मी ज्या घरात आले तिथे तेव्हा एक तान्ही पोर होती. तिची आई मोटरसायकली दुरुस्त करते, म्हणून सगळे तिला मेस्त्रीण म्हणतात. बाप एका दवाखान्यात कंपाउंडर. दूध करायचं काम त्याचं. दवाखान्यात हा माणूस औषधाचा थेंबन्‌थेंब मोजतो; घरी मात्र सव्वाशे पुरणाऱ्या पोरीसाठी दीडशे करायचा. "असू दे, पोट भरायला हवं तिचं." पोर जादाचं सगळं त्याच्याच खांद्यावर ओकायची. तो निमूट पुसायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दीडशे!

पोरगी पेल्याने प्यायला लागली आणि माझी रवानगी खणात झाली. तिथे अंधारात मी विचार करत बसायचे की माझ्यातून गेलेलं एवढं दूध गेलं कुठे? एक दिवस खण उघडला. पोरगी केवढी मोठी झाली होती! तेव्हा उत्तर मिळालं.

खण उघडला होता मेस्त्रिणीने. पोर व्हायच्या आधी ती डोंगरातल्या, चिखलातल्या शर्यतींत गाडी पळवायची. ती गाडी तीन वर्षं ताडपत्रीखाली झोपली होती, आणि आता पुढच्या शर्यतीसाठी बाईचे हात शिवशिवत होते. तिला मापासाठी रेघांचं भांडं हवं होतं.

"बघ, या इंजिनाला तेलाची वेगळी टाकी नसते," तिने नवऱ्याला सांगितलं. "पेट्रोलमध्येच मिसळून पाजावं लागतं. चाळीस भाग पेट्रोल, एक भाग तेल. पाच लिटरला सव्वाशे मिली. माप तू घ्यायचं, कार्ब्युरेटर मी बघते. मापात तुझ्या हाताला तोड नाही."

"आणि तेल कमी पडलं तर?"

"तर इंजिन जागच्या जागी जाम. आणि मी हवेत."

ती हे हसत म्हणाली. तो हसला नाही.

पहिल्या दिवशी कंपाउंडरने माझ्यात लाल तेल ओतलं आणि बरोब्बर सव्वाशेवर थांबला. दारातून बाहेर पाहिलं. अंगणात ती हेल्मेटचा पट्टा आवळत होती, पोरगी टाळ्या पिटत होती. तो पुटपुटला, "अजून थोडं." आणि तेल पावणेदोनशेच्या रेघेला टेकलं. मग मला बाहेरून लख्ख पुसून ठेवलं. आतून कुणी धुवायचं नाही, हा मेस्त्रिणीचा नियम. तेलाच्या मापाला पाणी लागता कामा नये.

हे तेल जातं कुठे, याचंही मला कुतूहल होतंच. ते धूर होऊन निघालं. निळसर, दाट.

मेस्त्रिणीने प्लग काढून पाहिला. तो बिस्किटाच्या रंगाचा हवा होता. निघाला ओला आणि काळाकुट्ट. "पेट्रोल जास्त होतंय," ती म्हणाली. कार्ब्युरेटरच्या पोटात पितळेचा एक जेट असतो. त्याला सुईने पाडल्यासारखं बारीक भोक. इंजिनाला पेट्रोल मिळतं ते तिथून. भोक जेवढं लहान तेवढं पेट्रोल कमी. तिने जेट काढला, खिडकीसमोर धरला, एक डोळा मिटून आरपार पाहिलं आणि एक नंबर लहान बसवला. धूर हटेना. आणखी एक नंबर लहान.

साप साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं, आणि साप कुठे आहे ते मला ठाऊक! मला तोंड आहे, तेही चांगलं रुंद, पण त्यातून फक्त ओतता येतं. फार तळमळले मी.

गंमत अशी, की गाडी उलट जास्त चपळ झाली. "कशी सुटते बघ!" मेस्त्रीण खूश. पेट्रोलला मुकलेलं इंजिन आतून तापत होतं, हे कुणाच्या ध्यानी आलं नाही.

पाचव्या दिवशी ती टेम्पोतून परतली. मागे गाडी आडवी, पुढे ती, मनगटाला पट्टी बांधलेली. लांब चढावर इंजिन जाम झालं होतं, मागचं चाक जागीच थांबलं होतं. क्लचवर बोटं होती, तो दाबताच चाक सुटलं, म्हणून निभावलं. खाली दरी होती म्हणे. कंपाउंडरने तिच्या मनगटाची पट्टी सोडून पुन्हा नीट बांधली.

तिने इंजिन उघडलं. पिस्टनवर उभे ओरखडे.

"खरं सांग, तेल कमी पडलं होतं का?"

"कमी नव्हतं. शपथ," तो म्हणाला. तेही खोटं नव्हतं.

नवा पिस्टन बसला. मनगट बरं झालं. शर्यत आठवड्यावर आली. त्या सकाळी कंपाउंडरने मला उचललं आणि स्वतःशीच म्हणाला, "या वेळी दोनशे." माझा जीव टांगणीला लागला.

एवढ्यात मेस्त्रीण आत आली. "दे जरा." तिने मला घेतलं आणि सवयीने, जेट धरतात तसं खिडकीसमोर धरलं. माझ्या आत एक लाल कडं उमटलं होतं. रोज तेल जिथवर चढायचं तिथे प्लास्टिकला डाग पडला होता. सव्वाशेवर नव्हे, पावणेदोनशेवर. आयुष्यात एकदाच बोलले मी, ते असं.

तिने त्या कड्यावर बाहेरून बोट टेकवलं.

"जास्त घालत होतास?"

"जास्त असलं तर काय बिघडतं? कमी पडलं तर..."

"अरे, जास्त तेलाने धूर आला. धूर आला म्हणून मी पेट्रोल कमी केलं. पेट्रोल कमी झालं म्हणून इंजिन तापलं, आणि मी पडले. पेशंटची काळजी वाटली म्हणून दोन चमचे औषध जादा पाजतोस का?"

"पेशंट माझा कुणी नसतो," तो म्हणाला, आणि ढसाढसा रडला.

तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तोच खांदा, पोरगी ओकायची तो. "भीती वाटली तर मला सांग. गाडीला कशाला पाजतोस?"

मग तिने मूळ मोठा जेट परत बसवला. प्लग बिस्किटाच्या रंगाचा निघाला, तेव्हा तो तिने पोरीलासुद्धा दाखवला.

शर्यतीच्या दिवशी कंपाउंडरने माप घेतलं. थेंबभर तेल वर गेलं, ते त्याने कापसाच्या बोळ्याने टिपलं. मग मला तिच्यापुढे धरलं. "बघ."

तिने बघितलं नाही. "ओत," एवढंच म्हणाली.

शर्यत सुटली. ती टेकडीमागे गेली आणि गाडीचा आवाज थांबला. कंपाउंडरने मला हातात इतकं आवळलं की माझी एक बाजू दबली. पोरगी विचारत राहिली, "बाबा, आई कुठंय?" मग आवाज आला, खणखणीत, आणि पाठोपाठ ती. मागे धूर नावाला.

ती सातवी आली. घरी सगळे असे वागले, जणू पहिलीच आली.

आता मी म्हातारी झालेय. दबलेली बाजू तशीच आहे, लाल कडंही. तुमच्यापैकी कुणी या गॅरेजमध्ये आलात तर एक विनंती आहे. माझ्यावरची सव्वाशेची रेघ जरा नव्याने मारून द्या. हल्ली माप घेताना तो तिथे अंगठा घट्ट दाबून धरतो, त्याने ती पुसत चालली आहे.