धुतलेल्या फिती

"एवढंसं पिल्लू आणि त्याला स्वतंत्र खोली. आम्हाला लग्नानंतरसुद्धा मिळाली नव्हती," सासूबाई काजं करता करता पुटपुटल्या. धाकटीच्या कानापासून त्यांचं तोंड वीतभर अंतरावर होतं, तेव्हा हे पुटपुटणं कोणासाठी होतं ते उघडच होतं.

धाकटीने मशीन थांबवलं नाही. थोरली जाऊ वेगळी होऊन जमाना लोटला, तरी घरात हिला अजून धाकटीच म्हणत.

दुकानामागच्या बंद गटारातून नवऱ्याने मांजराची तीन पिल्लं काढून आणली होती. तिन्ही राखाडी, एकाच साच्यातली. ओळखू यावीत म्हणून धाकटीने उरल्यासुरल्या फितींचे तुकडे त्यांच्या गळ्यात बांधले. हिरवी, जांभळी, निळी. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई रक्त तपासून निळ्यापाशी थबकल्या होत्या.

"मांजरांचा ल्युकेमिया असू शकतो, विषाणूने होतो तो. काही आठवड्यांनी पुन्हा तपासू. तोवर याला वेगळं ठेवा. चाटण्यातून, एका वाटीतून बाकीच्यांना लागतो. आणि लागला, तर..." बाई हात धुवायला वळल्या.

त्या दिवसापासून निळं कापडाच्या गठ्ठ्यांच्या खोलीत. आधी ते रडून रडून दार ओरबाडायचं. आता गठ्ठ्यांवर चढायचं, वाटी चाटूनपुसून लख्ख करायचं, अंगाने चांगलं भरलं होतं. इकडे खोक्यात मात्र जांभळं हिरव्याच्या पोटावर डोकं टाकून पडलेलं असायचं आणि हिरवं मायेने त्याचे कान चाटत बसायचं.

"निळ्याला काही झालेलं दिसत नाही," नवरा कापड बेतता बेतता म्हणाला. "डॉक्टर लोक उगाच घाबरवतात."

"हं."

"जांभळ्याला उकडत असेल."

"असेल."

धाकटी उठली. जांभळ्याला तिने हळूच मांडीवर घेतलं, ओठ उचलून पाहिला. हिरड्या पांढऱ्याफटक. मग तिचं लक्ष फितीकडे गेलं. फीत स्वच्छ होती, कडक होती, आणि मधोमध इस्त्रीची घडी होती. या घरात मळलेली वस्तू धुऊन, इस्त्री करूनच परत जागेवर जायची; ती शिस्त सासूबाईंची. गाठही त्यांचीच, बटणाखाली मारतात तशी दुहेरी. धाकटीने बांधली होती ती सुरगाठ.

तिने वर पाहिलं. नवराही फितीकडेच बघत होता. त्याने चटकन खडू उचलला आणि आखलेल्या रेघेवरच पुन्हा रेघ मारली.

"आई, फिती तुम्ही धुतल्यात का?"

"मग? पिल्लं दवाखान्यातून आली तेव्हा तिघांच्याही फिती दुधाने चिकट झालेल्या. तुम्ही खोली रिकामी करत होतात, तेवढ्यात धुतल्या, इस्त्री फिरवली आणि ज्याची त्याला बांधल्या."

मशीनवर निळा शर्ट पडला होता. त्याची काजं सासूबाईंनी जांभळ्या दोऱ्याने केली होती. त्या आत गेल्या की धाकटी ती उसवायची आणि पुन्हा करायची. जांभळं रीळ नवऱ्याने परवाच वरच्या फळीवर सरकवलं होतं. दोघं त्याबद्दल एकमेकांशीही बोलले नव्हते.

"रंग जवळजवळचे आहेत गं," नवरा घाईने म्हणाला. "माझीही चूक झाली असती."

सासूबाईंनी हात पुढे केला. "त्या दोन्ही फिती आण इकडे."

धाकटीने दोन्ही सोडून आणून दिल्या. सासूबाई उठून दारातल्या उजेडात गेल्या. एक फीत डोळ्यांशी धरली, मग दुसरी, मग परत पहिली. खोक्यात हिरवं तिच्याजवळच्या भावंडाला हाका मारत होतं. धाकटीने जांभळ्याला पदरात गुंडाळून घट्ट धरलं. त्याला आता खाली ठेवायचं कुठे, हे तिला कळेना.

"तू माझी काजं उसवतेस ना रोज?" सासूबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या. "सकाळी बोटांना कळतं, टाका माझा नाही ते."

त्यांनी दोन्ही फिती मुठीत मिटल्या.

"मला दिसत नाही गं."