एवढासा फरक

"मावशी, असू द्या ना अर्जात 'मोठा फरक'! म्हणजे तीस माणसांत भागतं. कुणाला कळणारेय?"

"मला कळेल ना," मावशी म्हणाल्या आणि निवांत चष्मा पुसत बसल्या.

मानसशास्त्र विभागात त्यांना सगळे आकडेमावशी म्हणत. कुठल्या प्रयोगाला किती माणसं लागतील, हे त्या आधीच हिशेब करून सांगायच्या. फरक ढळढळीत असेल तर थोडी माणसं पुरतात. एवढासा असेल तर तो नजरेत यायला माणसांचा ढीग लागतो! समोर हटून बसलेल्या पोरीचा हा पहिलावहिला प्रयोग. वृद्धाश्रमात संध्याकाळी ती वाचून दाखवायची. त्यानं म्हाताऱ्यांची झोप वाढते का, ते बघायचं होतं. आश्रमात माणसं तीसच. आणि यंदा प्रयोग झाला नाही, तर पोरीचं अख्खं वर्ष पाण्यात!

"बरं, किती झोप वाढली की पुरे, हे त्या म्हाताऱ्यांना विचारलंस?"

पोरीनं विचारलंच नव्हतं. मग काय, मावशींनी पर्स उचलली आणि तिला घेऊन थेट आश्रम गाठला.

खिडकीजवळच्या खाटेवरचे आजोबा प्रश्न ऐकून खुदकन हसले. "पंधरा मिनिटं वाढली तरी चंगळ! पहाटे जाग येते ना, तेव्हा हाक मारायला कुणी नसतं गं. तेवढंच कमी एकटं."

मावशींनी मोबाइलवर हिशेब केला. "पाचशे माणसं लागतील."

"पाचशे! कुठून आणू? माझं वर्ष गेलंच म्हणायचं."

"आणि तिसांत केलंस, तर यांची पंधरा मिनिटं बहुतेक दिसायचीच नाहीत. फरक दिसला नाही तर वाचन बंद, असं आश्रम चालवणाऱ्या बाई म्हणाल्यात ना?"

पोरीनं आजोबांकडे बघितलं. मग तिनं पिशवीतून अर्ज काढला, 'मोठा' शब्दावर काट मारली आणि लिहिलं, 'लहान'.

"दुसरे आश्रम शोधते," नाक ओढत ती म्हणाली. "वर्ष गेलं तर गेलं. तोवर वाचन तर चालू राहील."

"पाचशे म्हणालात ना?" आजोबा उठून बसले. "मग मी एक झालो की! उरलेले तुम्ही बघा."

फोटोच काढायचाय अशा थाटात त्यांनी स्वेटरचं वरचं बटण लावलं, विस्कटलेले केस हातानं बसवले आणि उशीवर अलगद डोकं टेकलं.

"हं, सांगा. कसं झोपायचं?"